चेहऱ्याला सोसेल अशी पावडर

“ताई, हा घ्या. एकदम माइल्ड. सेन्सिटिव्ह स्किनवाले सगळे हाच नेतात.”

दादरच्या दुकानातल्या मुलाने कॉम्पॅक्टची डबी काउंटरवर ठेवली. मावशीने ती उघडून आरशात पाहिलं, मी खोकं उलटं केलं. मागची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करून वाचली, तर शेवटून तिसरा शब्द ‘परफ्यूम’. माइल्ड म्हणता, मग यात सेंट कशाला, असं विचारल्यावर तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “वास नसला तर गिऱ्हाईक परत आणून देतं, ताई.”

मावशीची ही वर्षभरातली चौथी डबी. ती ठाण्याला बँकेत आहे. सकाळी सनस्क्रीन, त्यावर पावडरचा एक हात आणि मग लोकल. आठवडा संपत आला की गालांना खाज सुटायची, नाकाच्या बाजूला पापुद्रे यायचे. मे महिन्यात दहा दिवस गावी राहिली, सगळं बरं झालं. परत आली, पुन्हा तेच. घरच्यांनी निकाल देऊन टाकला होता: हिला पावडर सोसत नाही. पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पावडरी सोसत नाहीत, म्हणजे त्यातलं नेमकं काय सोसत नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ते विचारायचं तर आधी डबीत असतं काय, हे बघावं लागतं.

चेहऱ्याची पावडर म्हणजे मुख्यतः बारीक दळलेले दगड. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरे. खनिजांमध्ये सगळ्यात मऊ, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. अभ्रक चकाकी आणि गुळगुळीतपणा देतं. केओलिन ही चिनी माती, ती तेल शोषून घेते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड डाग झाकतात. रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडांतून: तांबडा, पिवळा, काळा. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा तांबडेपणा याच लोहाचा आणि कॅलामाइन लोशनचा गुलाबीपणाही त्याचाच. फरक इतकाच की प्रसाधनांसाठी तो कारखान्यात बनवतात, म्हणजे खाणीतल्या मातीबरोबर येणारं शिसं आणि आर्सेनिक काबूत राहतं. याशिवाय काही पावडरींत मक्याचं किंवा तांदळाचं स्टार्च असतं, काहींत सिलिका.

हे जवळजवळ सगळे पदार्थ स्वभावाने थंड. पाण्यात विरघळत नाहीत, धड त्वचेत आत शिरत नाहीत, कोणाशी रासायनिक भांडण उकरून काढत नाहीत. क्रीम, सीरम, फाउंडेशन या सगळ्या गोतावळ्यात पावडर बिचारी त्यातल्या त्यात गरीब. भांडणं लावतात ती तिच्याबरोबर आलेली मंडळी.

कॉम्पॅक्ट आणि लूज पावडर यांत फरक पडतो तो इथेच. भाजलेलं बेसन नुसतं ठेवलं तर भुकटी, लाडू वळायचा तर तूप हवं. तसंच कॉम्पॅक्टचं. भुकटी डबीत घट्ट बसावी म्हणून तेल, सिलिकोन, मॅग्नेशियम स्टिअरेट असं काहीतरी घालून ती दाबतात. तेल आलं, शिवाय रोज पफमधून घाम आणि ओल डबीत जाणार, मग जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्वेटिव्ह आलं. म्हणून लूज पावडरची यादी बहुधा आखूड असते, आणि कुरकुरणाऱ्या त्वचेसाठी मी आधी तीच बघते. तोटा एवढाच की ती उडते. दमा असेल तर ब्रश हवेत झटकू नये, झाकणात थोडी काढून घ्यावी आणि लावताना श्वास रोखावा.

आता त्वचेकडे वळू. तिचा सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा चुना झडला की आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं नको ते आत येतं. मग साधं पाणी लागलं तरी चुणचुणतं. ‘सेन्सिटिव्ह’ हे रोगाचं नाव नव्हे, ती त्वचेची तक्रार आहे. मागे एक्झिमा असू शकतो, रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा विकार) असू शकतो, किंवा रोज रात्री स्क्रबने घासून आपणच भिंत उकरलेली असू शकते.

तक्रारीचे ढोबळ प्रकार दोन, आणि ते ओळखता आले तर अर्धी निवड तिथेच होते. पहिला जळजळीचा. काहीतरी बोचलं, आग झाली, मिनिटांत किंवा काही तासांत. यात शरीराला आधीची ओळख लागत नाही. भिंत पडकी असेल तर कोणालाही होईल. दुसरा खऱ्या अ‍ॅलर्जीचा. यात शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या पदार्थाचा चेहरा लक्षात ठेवते. वर्षानुवर्षं सोसलेली गोष्ट एके दिवशी सोसेनाशी होते, आणि मग कणभरही पुरते. ही अ‍ॅलर्जी उशिरा उगवते, बहुधा एक-दोन दिवसांनी. शनिवारी लग्नात मेकअप केला, सोमवारी खाज सुटली, आणि दोष रविवारच्या कोळंबीला. आपल्याकडे किती कोळंब्या अशा विनाकारण बदनाम झाल्या असतील!

आणखी एक गोष्ट आपल्या रंगाची. पुस्तकांतल्या फोटोंत अ‍ॅलर्जी म्हणजे लालबुंद गाल, कारण फोटो गोऱ्या माणसांचे. सावळ्या त्वचेवर तो लालपणा जांभळट किंवा नुसताच काळपट दिसतो. कधी तर खाजही जाणवत नाही. गालांवर, कपाळावर राखाडी-तपकिरी झाक हळूहळू चढत जाते. जपानमध्ये १९७० च्या दशकात प्रसाधनांतल्या काही रंगद्रव्यांमुळे असे काळवंडलेले चेहरे मोठ्या संख्येने दिसले होते, आणि आपल्याकडे कुंकवामुळे कपाळावर येणारा काळा डाग याच जातीचा. लोक त्याला वांग समजतात आणि त्यावर उजळपणाचं क्रीम फासतात, म्हणजे आगीत तेल. नवी पावडर सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत चेहरा ‘उन्हाने काळवंडल्यासारखा’ वाटू लागला, तर उन्हाच्या आधी पावडरीवर संशय घ्या.

तर आता खोक्याच्या मागची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याच्या खालचे पदार्थ मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. म्हणून पहिली चार-पाच नावं सांगतात की पावडर कशाची आहे, आणि तक्रारखोर बहुतेक शेपटात बसलेले असतात.

त्यांत पहिला मान सुगंधाचा. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हा एकच शब्द छापलेला असतो, पण त्यामागे डझनावारी रसायनं असू शकतात. युरोपने या गर्दीतली २६ नावं २००५ पासून खोक्यावर वेगळी छापायला लावली, चेहऱ्यावर राहणाऱ्या प्रसाधनात त्यांचं प्रमाण ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ८० च्या वर नेली. आपल्याकडे बहुतेक खोक्यांवर तो एकच शब्द भेटतो. यादीत नसलं म्हणजे नाही असंही नाही: ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, तो दुसऱ्या वासाने झाकलेलाही असू शकतो. शोधायचा शब्द ‘फ्रेग्रन्स फ्री’, आणि तोही यादीशी पडताळून.

आणि ‘हर्बल’ने फसू नका. लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन ही झाडांचीच रसायनं. हवा लागून ती जुनी झाली की त्यांच्यापासून जास्त अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ बनतात. डबी वर्षभर उघडझाप करत वापरली की हवा लागतेच. चंदन, गुलाब, मोगरा देवघरात छान. दुखऱ्या गालांवर नकोत.

प्रिझर्वेटिव्हच्या बाबतीत जनमत आणि विज्ञान उलट्या दिशेला तोंड करून उभे आहेत. ‘पॅराबेन फ्री’ वाचून आपण खूश होतो. पण अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (त्वचेला काही लागून होणाऱ्या दाहाच्या) तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला चक्क ‘अ‍ॅलर्जी न आणणारा’ म्हणून वर्षाचा मान दिला, इतकी त्यांची अ‍ॅलर्जी विरळा. (पॅराबेनविषयीचे हार्मोनचे वाद वेगळे; इथे विषय खाजेचा आहे.) पॅराबेन काढून जिथे तिथे मेथिलआयसोथायाझोलिनोन आलं, तिथे अ‍ॅलर्जीची लाट आली. याच संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जेन’ ठरवलं, आणि पुढे युरोपने चेहऱ्यावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. पावडरीत ते कमी भेटतं, मेकअप पुसायच्या ओल्या वाइप्समध्ये शोधा. नाव लांबलचक आहे, ‘आयसोथायाझोलिनोन’ हे शेपूट दिसलं तरी पुरे.

‘मिनरल’ पावडरींचंही एक गुपित आहे. त्यांतल्या काहींत मोत्यासारखी झळाळी येते ती बिस्मथ ऑक्सिक्लोराइडमुळे. घाम आला की त्यानेच चेहरा खाजतो, अशी तक्रार अनेक जणी करतात. ही अ‍ॅलर्जी नसते, बोचणं असतं, पण मे महिन्यातल्या लोकलमध्ये हा फरक कोणाला हवाय? झळाळी नको असेल तर मॅट पावडर घ्या, प्रश्नच मिटला.

रंगांसाठी एक सोपी खूण. यादीच्या शेवटी ‘सीआय’ लिहून पाच आकडे असतात. ७७ ने सुरू होणारे रंग खनिजांचे किंवा धातूंचे: ७७४९१, ७७४९२, ७७४९९ ही लोहाची ऑक्साइडं, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड. साध्या त्वचेच्या रंगाच्या पावडरीत एवढ्यात भागतं. त्यापलीकडे १५८५० सारखे आकडे दिसले तर ते सेंद्रिय रंग, बहुधा लाली आणि गुलाबी छटांसाठी. सगळे वाईट नसतात, पण आधीच रुसलेल्या चेहऱ्याला नव्या ओळखी कशाला? ७७ ला मात्र आंधळेपणाने सलाम करू नका. वरचं ते बिस्मथ ७७१६३ आहे.

छटा निवडताना मनगट बघू नका, जबड्याची कड बघा, तीही दुकानाबाहेर उजेडात येऊन. टायटॅनियम जास्त असलं की सावळा चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो, मग ते लपवायला आपण आणखी थर चढवतो. लालपणा झाकायला हिरवट पावडर लावा म्हणतात, पण गव्हाळ-सावळ्या रंगावर ती आजारी दिसते. पिवळसर छटा बरी.

पावडरीवर लिहिलेला एसपीएफ मनावर घेऊ नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजतात. एवढी पावडर कोणी लावली तर दशावतारात उभी राहील. उन्हासाठी सनस्क्रीन वेगळं.

टाल्कविषयी विचारणा होणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. माणसांमधला पुरावा मर्यादित आहे आणि तो मुख्यतः गुप्तांगाजवळ टाल्क वापरण्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या संबंधातला. दुसरी भीती अ‍ॅस्बेस्टॉसची, कारण खाणीत दोन्ही शेजारी सापडू शकतात. खाजेशी यातल्या कशाचा संबंध नाही. टाल्कची अ‍ॅलर्जी जवळजवळ ऐकू येत नाही. मनात किंतु असेल तर टाल्कविरहित घ्या, पण त्याच्या जागी काय घातलंय ते वाचा. सिलिका किंवा स्टार्च जास्त असेल तर कोरडा चेहरा अजून ओढल्यासारखा होईल.

खोक्याच्या पुढच्या बाजूला ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ लिहिलेलं असतं. त्या शब्दाची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये नियम केला की हा शब्द छापायचा असेल तर माणसांवर चाचणी करून दाखवा. दोन प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. कंपनी म्हणेल ते. ‘डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड’चंही तसंच. डॉक्टरांनी तपासलं, एवढंच कळतं. त्यांना काय आढळलं, हे कुठे लिहिलंय?

आता जरा अवघड जागी बोट ठेवते. चेहऱ्याला काहीच सोसत नाही, उन्हात गेलं की तो पेटतो, बारीक शिरा दिसू लागल्यात, आणि एक विशिष्ट ट्यूब लावली तरच शांत होतो, असं असेल तर पावडर बदलून काही होणार नाही. ती ट्यूब बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का? ही स्टिरॉइडं. मैत्रिणीने सांगितलं, मेडिकलवाल्याने दिलं, चेहरा महिनाभर उजळ दिसला, आणि सोडल्यावर आग. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अनेक केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं चेहऱ्यावर वापरत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, तरी काउंटरवरून ती सर्रास मिळतात. ही सवय एकदम तोडू नका, त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

मावशीच्या पर्समध्ये अशी ट्यूब नव्हती. तिच्यासाठी आम्ही दुसऱ्या दुकानातून सुगंध नसलेली, सात नावांच्या यादीची लूज पावडर घेतली आणि तिला घरची चाचणी करायला लावली: कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, बोटाने. आठवडाभर तरी, जमलं तर दोन आठवडे. अ‍ॅलर्जी उशिरा उगवते, म्हणून दुकानात मनगटावर लावून पाच मिनिटं बघण्याला काही अर्थ नाही. दहा दिवस झाले, कोपर स्वच्छ. मावशी खूश. चेहऱ्यावर सुरू केली, आणि चौथ्या दिवशी तिचा फोन, “झालं बघ परत!”

कोपराला चालते ती पावडर गालाला का चालू नये? मग मात्र आम्ही डॉक्टर गाठले. त्यांनी पॅच टेस्ट केली: संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवायच्या, तोवर पाठ भिजवायची नाही, मग काढून बघायचं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. मुंबईच्या घामात हे दोन दिवस मावशीने कसे काढले ते तिलाच माहीत. सुगंधाच्या चकत्या कोऱ्या निघाल्या. फुलली ती एकच, रबर बनवताना वापरतात त्या रसायनांची.

“चेहऱ्याला रबर कुठे लागतं तुमच्या?” डॉक्टरांनी विचारलं. मावशी म्हणाली, कुठेच नाही. मग थांबली. पर्स उघडली, आणि गुलाबी रंगाचा, कडा काळ्या पडलेला एक जाड स्पंज टेबलावर ठेवला. कुठल्याशा लग्नाच्या मेकअप सेटमधून आलेला. नव्या डब्यांतले पातळ पफ तिला आवडत नसत, म्हणून ती तोच स्पंज प्रत्येक नव्या पावडरीत घालून वापरत होती. गावी जाताना तो पर्समध्येच राहिला होता. आणि कोपराला पावडर लावली होती ती बोटाने.

मेकअपच्या कित्येक स्पंजांत रबर असतं. ‘लॅटेक्स फ्री’ लिहिलेला घ्या, पण मावशीसारखी रबरातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी असेल तर तेवढ्याने भागत नाही, कारण कृत्रिम रबरातही तीच रसायनं असू शकतात. तेव्हा सुती मखमली पफ, नाहीतर मऊ कृत्रिम केसांचा ब्रश बरा. साध्या सौम्य साबणाने आठवड्याला धुवायचा, उन्हात वाळवायचा, आणि मैत्रिणीला द्यायचा नाही. लावण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. आधी सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, ते मुरायला पाच-दहा मिनिटं, मग पफ टेकवत जायचा, घासायचा नाही. पापुद्रे निघत असतील त्या दिवशी पावडर नकोच. ती त्या पापुद्र्यांवर जाऊन बसते आणि सगळ्यांना दाखवते. रात्री धुताना सौम्य फेसवॉश आणि बोटं. टॉवेलने घासून काढलात तर दिवसभर पावडरीने केलं नसेल तेवढं नुकसान दोन मिनिटांत होईल.

मावशीने चारही डब्यांपैकी पहिली, सगळ्यात महागडी, पुन्हा काढली आहे. सुगंध आहे तिला, पण मावशीला तो सोसतो हे आता पाठीवर लिहून मिळालंय. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे कामवाल्या बाईंना न देता टाकून दिले. गुलाबी स्पंज मात्र टाकायला तिचं मन होईना. तो आता काकांच्या बुटांना पॉलिश लावतो.